‘सगळ्या गोळ्या दिल्या नाहीत’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

ताई, बेळगावजवळच्या खानापूरहून नर्स म्हणून ब्रिटनला यायचंय, पण ‘ऑल’, ‘एव्हरी’, ‘होल’ यांत घोळ होतो, तर तयारी कशी करू, असं तुम्ही विचारलंय.

आधी नकारार्थी वाक्यं पक्की करा, खरा धोका तिथंच आहे. ‘सगळ्या गोळ्या दिल्या नाहीत’ म्हटलं की आपल्याला कळतं, काही दिल्या, काही राहिल्या. कन्नडमध्येही आपण ‘एल्ला’ घालून असंच बोलतो. पण ड्युटी बदलताना ‘ऑल द टॅब्लेट्स वेअर नॉट गिव्हन’ म्हणालात, तर पुढची नर्स ‘एकही दिली नाही’ असाही अर्थ घेऊ शकते आणि पेशंटला तीच गोळी दुसऱ्यांदा जाऊ शकते. म्हणून ‘नॉट’ पुढं आणा: ‘नॉट ऑल द टॅब्लेट्स वेअर गिव्हन’. एकही दिली नसेल तर ‘नन ऑफ द टॅब्लेट्स’. पाठोपाठ राहिलेल्या गोळीचं नाव सांगाच. दोनच गोळ्या असल्या आणि एकही दिली नसली, तर ‘बोथ’ला ‘नॉट’ जोडू नका, ‘नायदर’ म्हणा.

‘द होल टॅब्लेट’ म्हणजे अख्खी एक गोळी, ‘ऑल द टॅब्लेट्स’ म्हणजे सगळ्या गोळ्या. डोस सांगताना हा फरक फार मोठा आहे.

‘एव्हरी’ आणि ‘ईच’नंतर नाम आणि क्रियापद दोन्ही एकवचनी: ‘एव्हरी पेशंट हॅज’. हात-पाय अशा जोडीला ‘ईच’च लावा, ‘एव्हरी’ तीन किंवा अधिक असतील तेव्हा. ‘एव्हरी डे’ म्हणजे रोज, ‘ऑल डे’ म्हणजे दिवसभर. आपल्याकडच्या ‘अल्टरनेट डे’ला, म्हणजे एक दिवसाआडला, तिकडं ‘एव्हरी अदर डे’ असंही म्हणतात.

‘मोस्ट ऑफ पेशंट्स’ चूक. एकूण पेशंटांबद्दल बोलताना ‘मोस्ट पेशंट्स’, आपल्या वॉर्डातल्यांबद्दल ‘मोस्ट ऑफ द पेशंट्स’. ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’ यांना ‘एस’ लागत नाही, कितीही असो.

ओईटी म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा; तिच्या बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण ५ मिनिटांचे. घरी कुणाला तरी पेशंट करा, गोळ्यांचा डबा समोर ठेवा आणि किती दिल्या, किती राहिल्या हे मोठ्यानं सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त ‘नॉट’ कुठं आलाय ते तपासा.