अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये सारखा अडकतो. वॉकथ्रू बघितला तर मजा जाते का?

जाते. पण कुठे बघितला त्यावर आहे.

तुम्ही लिहिलंय की कथा आवडते, कोडी सुटत नाहीत आणि मित्र म्हणतो वॉकथ्रू, म्हणजे गेमची पायरीपायरीने लिहिलेली उत्तरं, बघणं हे कॉपी करून पास होणं. तुमच्या मित्राच्या बरोबर उलट्या टोकाचा एक माणूस माझ्या नात्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सुट्टीत साताऱ्याला आत्याकडे जायचो. तिच्या हॉलमध्ये फुलाफुलांचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर होता. आत्तेभाऊ, म्हणजे दादा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने कुणाकडून तरी दोन सीडींचा 'ब्रोकन स्वोर्ड' आणला. १९९६ चा गेम, इंग्लंडच्या रिव्होल्यूशन कंपनीचा. जॉर्ज नावाचा अमेरिकन टूरिस्ट पॅरिसच्या कॅफेबाहेर निवांत बसलेला असतो. विदूषकाच्या वेशातला एक माणूस आत जातो, एका म्हाताऱ्याची ब्रीफकेस पळवतो, जाताना हातातलं अ‍ॅकॉर्डियन आत ठेवून जातो आणि कॅफे उडतो. तिथून जे सुरू होतं ते थेट टेम्पलर या मध्ययुगातल्या ख्रिस्ती सरदारांच्या रहस्यापर्यंत. दिवसा कॉम्प्युटर माझा, रात्री दादाचा. दोघांचे सेव्ह वेगळे. लाइट गेली की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं पाण्यात, आणि लाइट जायचीच.

तुम्हाला कथा आवडते म्हणता, पण या गेमची कथा फक्त मधेमधे चालणाऱ्या छोट्या सिनेमांत नसते. विदूषकाचं लाल नाक सापडतं, ते पोलिसाला दाखवा, फुलवालीला दाखवा, ज्याला त्याला दाखवा. जॉर्ज प्रत्येकाशी तितक्याच गंभीर चेहऱ्याने बोलतो. कामाचं त्यातलं थोडंच असतं, पण माणसं कळतात ती तिथेच. आणि एकदा तर असं झालं की पॅरिसमध्ये रस्त्याचं काम करणाऱ्या एका मजुराच्या पेटीतून गटाराचं झाकण उचलायची लोखंडी किल्ली ढापलेली होती. पुढे आयर्लंडमध्ये पडक्या किल्ल्याची भिंत चढायला शेवटची पायरी नाही. तीच किल्ली दगडांच्या फटीत खुपसायची आणि तिच्यावर पाय द्यायचा! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना आत्याला ते इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणाली, "बरं, आमटी घे." वॉकथ्रू बघून हे मिळत नाही.

भिंत चढून आत उतरलो तर समोर बोकड.

दोरीने बांधलेला. पलीकडे खाली खोदकामात उतरायची शिडी. जॉर्ज शिडीकडे निघाला की बोकड धावत येऊन ढुशी मारतो आणि जॉर्ज उताणा. खिशातली एकूण एक वस्तू त्या बोकडावर वापरून बघितली. परत पार गावातल्या पबपर्यंत जाऊन सगळ्यांशी पुन्हा बोललो. खोटं वाटेल, पण मला झोपेत ती ढुशी ऐकू यायची.

दादाने काय केलं? सायबर कॅफेत जाऊन अख्ख्या वॉकथ्रूची प्रिंट काढून आणली. कागद मांडीवर, बोट ओळीवर, दुसऱ्या हाताने माउस. दोन रात्रींत गेम संपवला आणि सकाळी पोहे खाताना शेवटी काय होतं तेही सांगून टाकलं. वर म्हणतो, "संपवला तो जिंकला. तू बस आयर्लंडमध्ये." अजूनही लग्नकार्यात भेटला की पहिला प्रश्न हाच: "काय, आला का आयर्लंडहून?"

त्या बोकडाचा तिढा मी सोडवला. ढुशी खाऊन जॉर्ज उठत असतानाच लगेच बाजूच्या गंजलेल्या शेती-अवजाराकडे पळायचं असतं. बोकड मागे धावतो आणि त्याची दोरी त्यात अडकते. मी वैतागून दिसेल तिथे क्लिक करत होतो, त्यात जमलं. दादा म्हणतो ही फ्लूक. अरे, फ्लूकच! माझं म्हणणं तेच आहे. तोवर सगळा गेम शांतपणे विचार करायला सांगतो, घाई कुठेही करायची नसते, आणि इथे एकदम, काही न सांगता, अर्ध्या सेकंदाचा हिशेब. तिथे कितीही डोकं चालवलं तरी उपयोग नाही. हे कोडं नव्हे, चूक आहे, आणि बनवणाऱ्याची. पुढे २००९ मध्ये याच गेमची सुधारित आवृत्ती, डायरेक्टर्स कट, आली, त्यात हा बोकड सोपा केला आणि गेममध्येच हिंटही दिल्या. दादाला हे दाखवलं तर म्हणे, "तुझ्यासारख्यांसाठी केलं." असो.

म्हणजे तुमच्या मित्राचंही चूक आणि दादाचंही. उत्तर कळल्यावर "अरे, हे तर समोरच होतं" असं ज्या कोड्यात वाटतं, तिथे रात्रभर अडकून राहा. तो वेळ वाया जात नाही, खरा गेम तोच आहे. ज्याचं उत्तर कळल्यावर "हे कुणाला सुचणार?" असं वाटतं, तिथे खुशाल बघा. 'गेब्रियल नाइट ३' नावाच्या गेममध्ये मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी मांजराच्या केसांची मिशी करायची असते, आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नसते, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला मिशी काढायची. असल्या ठिकाणी स्वाभिमान दाखवण्यात काही अर्थ नाही.

पण आधीच कसं कळणार कोडं कुठल्या जातीचं, असं विचाराल. नाही कळत. म्हणून अख्खा वॉकथ्रू उघडूच नका. युनिव्हर्सल हिंट सिस्टिम म्हणून जुनी साइट आहे, तिथे एका कोड्याच्या सूचना एकेक करून उघडतात. पहिल्या सूचनेवर बहुतेक वेळा भागतं. दादासारखं पुढचं पान डोळ्यांखालून जाण्याची भीती नाही.

हे सगळं जुन्या पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे माउसने क्लिक करत खेळायच्या गेमबद्दल, हे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही २०१२ चा 'द वॉकिंग डेड' किंवा तसलं काही खेळत असाल तर तिथे कोडी नावालाच, निर्णय घ्यायचे असतात, आणि तिथे वॉकथ्रू बघणारा माणूस मला कळतच नाही. दिवसभर ऑफिस आणि रात्री जेमतेम अर्धा तास मिळत असेल तर माझं रात्रभर अडकून राहण्याचं प्रवचन सोडून द्या.

सुरुवात कशापासून करू, हेही विचारलंय. 'ब्रोकन स्वोर्ड'ची २०२४ ची रीफोर्ज्ड आवृत्ती घ्या, तिच्यात अडकणाऱ्यांसाठी वेगळा स्टोरी मोड आहे. पण तो आयर्लंडपर्यंत लावू नका. आणि सध्या कुठल्या गेममध्ये अडकलाय त्याचं नाव प्रश्नात घाला. खेळलेला असेल तर उत्तर सांगणार नाही, कुठल्या खोलीत नीट बघायचं राहिलंय तेवढं सांगेन.