पणजोबांच्या दप्तरातला निनावी अर्ज

प्रश्न : माझे पणजोबा मुंबईत एका कापड व्यापाऱ्याकडे कारकून होते. त्यांच्या दप्तरात 1890 सालच्या निनावी अर्जाची नक्कल सापडली. ‘विलायती कापडाच्या गाठींवर बंदरात जकातीपेक्षा जास्त पैसे घेतात’ असं त्यात आहे. अशा अर्जावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ठेवावा, पण आधी ‘जकात’ या शब्दापाशी थांबा. 1882 मध्ये सरकारने बहुतेक आयात मालावरची जकात उठवली. मीठ, दारू, शस्त्रं अशा मोजक्या वस्तूंवर ती राहिली. कापडावर ती परत आली 1894 च्या अखेरीस. म्हणजे 1890 मध्ये विलायती कापडावर जकातच नव्हती! मग पैसे कसले? एक शक्यता धक्का आणि गोदीच्या आकाराची, म्हणजे ती वापरण्याच्या शुल्काची. 1873 मध्ये स्थापन झालेला, बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट तो घेई आणि 1879 च्या कायद्याप्रमाणे त्याचे दर ठरलेले असत. मुंबईची प्रिन्सेस डॉक ही गोदी 1880 मध्ये सुरू झाली होती. गाठी तिथे उतरल्या असतील, तर आकार देणं भागच होतं. त्याहून जास्त घेतलं असेल, तर ती उघड लूट, आणि लोक बोलताना या सगळ्यालाच जकात म्हणत असणार.

नाव का घातलं नाही, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. पुढच्या बोटीचा माल बंदरातल्या त्याच कारकुनाच्या हातून सोडवायचा असे. 1878 च्या सागरी जकात कायद्यात चुकून भरलेली रक्कम परत मागायला तीन महिन्यांची मुदत होती, पण मागणाऱ्याला पुढे यावं लागे. निनावी अर्जदाराला तो मार्ग बंदच. म्हणून अशा अर्जाला ‘कुणाचा तरी आकस’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. आकसही असू शकतो. तो ओळखायचा तपशिलावरून. तुमच्या नक्कलेत बोटीचं नाव, तारीख, गाठींची संख्या, घेतलेली रक्कम आहे का? असेल, तर त्या वर्षीच्या दरपत्रकाशी ताडून पाहता येईल. नुसतीच एखाद्या अंमलदाराची निंदा असेल, तर मीही सावध राहीन.

नक्कल घरात सापडली म्हणून अर्ज पणजोबांनीच लिहिला, असं मात्र धरू नका. दप्तरातल्या इतर कागदांशी अक्षर जुळवा. मूळ अर्जाचा शोध एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात घेता येईल. जाताना नक्कलेवरची तारीख आणि अर्ज कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे आहे, हे टिपून न्या.