दोन कंपन्यांच्या मधला अर्धा मिलिमीटर

तुझा मेल वाचला. स्पीकरची बॉडी एका कंपनीची, आतलं इलेक्ट्रॉनिक्स दुसरीचं आणि मधे डिझायनर म्हणून तू, खरंच भारी काम आलंय तुझ्या वाट्याला. स्केचेस कधी दाखवू असं विचारलंस. दाखव ना, पण त्याआधी दोन्हीकडच्या इंजिनिअर्सना एकत्र बसव आणि मापं कुठून मोजायची ते पक्कं करून घे.

आमच्या एका प्रॉडक्टमध्ये बॉडीवाले चार्जिंग पोर्टची जागा स्क्रूच्या भोकापासून मोजायचे आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्डाच्या कडेपासून. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, सगळं छान बसलं, पण बोर्ड कापताना कड थोडी इकडेतिकडे होतेच, मग पहिले सॅम्पल हातात आले तर पोर्ट अर्धा मिलिमीटर सरकलेला, केबल निम्मी जाऊन अडायची, आणि मी कानस घेऊन एकेक भोक घासत बसलो. प्लास्टिकमध्ये जिथे भोक, तिथे मोल्डमध्ये (साच्यात) स्टील असतं, म्हणून भोक मोठं करायचं तर स्टील वाढवावं लागतं आणि तेच अवघड असतं, काढून टाकणं सोपं. म्हणून अशी भोकं पहिल्या ट्रायलला जरा मोठीच ठेव, नंतर कमी करता येतात.

सीडीचं उदाहरण मला फार आवडतं. 1979 मध्ये फिलिप्स आणि सोनी एकत्र बसले तेव्हा फिलिप्सची डिस्क साडेअकरा सेंटिमीटरची होती आणि आवाजाचा प्रत्येक नमुना नोंदवायला त्यांना 14 बिट पुरेसे वाटत होते (बिट जास्त तितकी नोंद बारीक), सोनी 16 वर अडून. शेवटी 12 सेंटिमीटर आणि 16 बिट ठरलं. फिलिप्सकडे आकड्यांचा परत आवाज करणारी 14 बिटची चिप तयार होती, त्यांनी चारपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मूळ नमुन्यांच्या मधे गणिताने आणखी नमुने घालून, तीच वापरली! आणि प्लेअर बघ, सोनीच्या सीडीपी-101 चा ट्रे पुढून बाहेर यायचा, फिलिप्सच्या सीडी100 ला वरून झाकण. डिस्कचं माप काटेकोर ठरलेलं, त्यामुळे बाकी डिझाइनला दोघांनाही मोकळं रान.

तुझ्याकडेही तेवढंच कर, पोर्ट, स्क्रू, बटण दाबल्यावर किती आत जाणार, उष्णता कुठून बाहेर पडणार, एवढं एका ड्रॉइंगवर आणून दोघांच्या सह्या घे. बटण दाबल्यावर कसं लागलं पाहिजे हे मात्र कागदावर ठरत नाही, त्याचे चार-पाच नमुने करून दोन्ही टीम्सना हातात दे, आणि बदल झाला तर शेवटचा शब्द कुणाचा तेही आत्ताच विचारून ठेव, विचारायला संकोच वाटेल पण विचार.

ते ड्रॉइंग झालं की मला पाठव, पोर्टच्या जागचं सेक्शन (तिथे कापल्यावर आतलं कसं दिसेल ते चित्र) आधी बघतो.