अपघातात लागलं असेल तर नुकसानभरपाईचा क्लेम कमजोर होऊ नये म्हणून सुरुवातीला काय टाळावं?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांपूर्वी कारने मागून धडक दिली, तेव्हा फारसं काही वाटलं नाही पण आता मान आणि पाठ धरलीये, डॉक्टरकडे अजून गेला नाहीत आणि समोरच्याच्या इन्शुरन्सवाल्यांचे फोन सुरू झालेत. मी अशा क्लेमच्या फायलींवर काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो, आजच डॉक्टरकडे जा, बाकीचं नंतर.

मुका मार बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकायला लागतो, मानेचा तर विशेष करून, ते डॉक्टरांना माहिती असतं. पण अपघाताची तारीख आणि पहिल्या केस पेपरची तारीख यात जेवढं अंतर, तेवढा समोरचा वकील "मधल्या काळात दुसरीकडे कुठे लागलं असेल" म्हणायला मोकळा.

आणि तिथे गेल्यावर एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या, केस पेपरवर सुरुवातीला हिस्ट्री, म्हणजे कधी आणि कसं लागलं, लिहितात ती. पेशंट घाईत "पडलो" म्हणतो, डॉक्टर घाईत "पडून मार" असं लिहितात आणि धडकेचा उल्लेखच राहतो. पुढे कितीही एमआरआय जोडा, प्रश्न त्या एका ओळीवरच येतो. तारीख, वेळ, मागून कारने धडक दिली आणि कुठे कुठे दुखतंय हे सगळं सांगा, किरकोळ वाटलं तरी सांगा, आणि कागद हातात आला की तिथेच वाचा, चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करून मागा. आधीचं पाठीचं दुखणं असेल तर तेही लपवू नका, जुने रिपोर्ट कधी ना कधी निघतातच आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. जुनं दुखणं धडकेमुळे वाढलं असेल तर त्या वाढीची भरपाई मागता येते.

आता ते फोन. समोरचा गोड आवाजात विचारतो "आता कसं वाटतंय?" आणि आपण सवयीने "बरंय" म्हणतो. कॉल रेकॉर्ड होत असेल तर तेच "बरंय" फाईलला लागतं. स्पीड किती होता, लक्ष कुठे होतं यावर अंदाजाने तर बिलकुल बोलू नका, कारण तुमची थोडी चूक ठरली की बऱ्याच ठिकाणी तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कापतात. त्यांना सरळ सांगा, उपचार चालू आहेत, जे विचारायचं ते लेखी विचारा. स्वतःच्या इन्शुरन्स कंपनीला मात्र वेळेत कळवा, ते टाळू नका.

लगेच पैसे देतो म्हणून "फुल अँड फायनल", म्हणजे यापुढे काही मागणार नाही असा, कागद पुढे केला तर उपचार किती लांबणार हे कळेपर्यंत सही नको, नंतर ऑपरेशन निघालं तरी तो कागद आडवा येतो.

फोटोंचं म्हणाल तर मूळ फाईल फोनमध्ये राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख-वेळेची माहिती सहसा निघून जाते. जवळपास सीसीटीव्ही असेल तर आजच लेखी मागणी करा, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. आणि कृपा करून लग्नात नाचतानाचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका, पाच मिनिटंच नाचला असलात तरी, त्यावरून "काही दुखत नाही" असं म्हणतात.

फिजिओथेरपी सांगितली तर मध्येच सोडू नका, सोडली की "बरे झाले होते" असाच अर्थ काढतात.

क्लेम दाखल करायची मुदत जागेप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे बदलते, कुठे काही महिने तर कुठे काही वर्षं, त्यामुळे याच आठवड्यात एखाद्या वकिलाला सगळे कागद दाखवून तुमची शेवटची तारीख विचारून घ्या.