प्रेमपियांच्या बंदिशीचा अर्थ लावताना

‘प्रेमपिया’ या नावाने रचना करणारे आग्रा घराण्याचे गायक फैयाज खाँसाहेब. त्यांची बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गीत, ऐकली की लगेच शब्दकोश उघडू नका. आधी स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) आणि अंतरा (दुसरा भाग) वेगळे लिहून काढा. सुरुवातीच्या नोम-तोममध्ये, म्हणजे निरर्थक अक्षरांवरच्या आलापात, अर्थ शोधायचा नसतो, तो भाग सोडून द्या. एकाच ध्वनिमुद्रणावर विसंबू नका: ७८ आरपीएम तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची, त्यात अंतरा घाईत उरकला जातो, शिवाय बोलतानेत, म्हणजे बंदिशीचे शब्द घेऊन मारलेल्या तानेत, शब्द मधेच तुटून भलताच ऐकू येतो. छापील स्वरलिपी मिळाली तर ताडून पाहा. बडोद्यात राहत असाल तर तिथल्या म्युझिक कॉलेजातल्या जाणत्यांना विचारायला संकोच कशाला?

मग बोलणारं कोण ते ठरवा. गाणारा पुरुष असला तरी तक्रार बहुतेक वेळा नायिकेची असते. ती सखीला सांगतेय की थेट प्रियकरालाच, यावर रुसवा की विनवणी ते ठरतं. सासू-नणंद आल्या तर त्यात खाँसाहेबांचं घर शोधू नका. ती परंपरेतली ठरलेली पात्रं आहेत.

खरा घोळ अंतऱ्यात होतो. ‘प्रेमपिया’ ही त्यांची मुद्रा, रचनाकाराची सही. ती कधी सुटी उभी राहते, कधी वाक्यात मिसळून प्रियकरच होते. दोन्ही अर्थ लावून पाहा, आणि दोन्ही जमले तर एक खोडू नका. गंमत त्यातच असते.

शेवटी हाताने ताल धरा. तीनतालाच्या सोळा मात्रांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जो शब्द पुन्हा पुन्हा येतो, भावाचा जोर बहुधा त्यावरच असतो.