ढोल-ताशा पथकातली पोरं एकमेकांना एवढी धरून का असतात?

एका तालात मिळून केलेली अंगमेहनत, हेच मुख्य कारण. मी पथकात वाजवतो म्हणून सांगतो, ओळखी गप्पांतून होतात पण जीव लागतो तो नदीपात्रातल्या सरावात, ढोल आवळताना दोरी तू ओढ मी धरतो करत, कुणाच्या हाताला फोड आले की शेजारचा न सांगता पट्टी गुंडाळून देतो. ऑक्सफर्डच्या रोइंग टीमवरच्या प्रयोगातही मेहनत तेवढीच असून एकट्यापेक्षा मिळून वल्हवल्यावर दुखणं सोसायची ताकद जास्त वाढलेली दिसली; हे शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे बरं वाटायला लावणारी रसायनं, सुटल्याचं लक्षण मानतात, आणि माणसं एकमेकांशी जोडली जाण्यात त्यांचा हात असतो असं म्हणतात. फक्त नुसतं विसर्जनाला झब्बा घालून येणाऱ्याला हे मिळत नाही, आणि मोठ्या पथकातही खरी घट्ट दोस्ती आपल्या रांगेतल्यांशीच होते.