पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये रेडिस ठेवावे की व्हॅल्कीकडे वळावे?

निपाणीतील पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये रेडिस (डेटा मेमरीत ठेवून झटपट पुरवणारी प्रणाली) ७.२ आहे, बदललेल्या परवान्यामुळे ते काढावे का, असा आपला प्रश्न आहे. केवळ अंतर्गत वापर असेल, तर परवाना सहसा आड येत नाही, कारण मार्च २०२४ मध्ये रेडिस कंपनीने ७.४ आवृत्तीपासून बीएसडी हा जवळपास मोकळीक देणारा परवाना सोडला तो मुख्यतः रेडिसच सेवा म्हणून विकणाऱ्या क्लाउड कंपन्यांना रोखण्यासाठी. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएलचा, म्हणजे बदललेला कोडही खुला ठेवायला लावणाऱ्या मुक्तस्रोत परवान्याचा, पर्यायही मिळाला.

मला अधिक काळजी वाटते ती दुभंगत जाणाऱ्या कोडची. लिनक्स फाउंडेशन या मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखालील व्हॅल्की ही प्रणाली रेडिस ७.२.४ च्या कोडपासून वेगळी झाली आणि बीएसडीवरच राहिली. त्यामुळे तिच्यातील सुधारणा व्हॅल्कीला श्रेय देऊन रेडिसला उचलता येतात, परंतु रेडिसचा नवा कोड व्हॅल्कीला आपला परवाना न बदलता घेता येत नाही. आपल्या मार्कंडेयेचे पाणी घटप्रभेला मिळते, उलट येत नाही, तसेच हे आहे. शिवाय रेडिस ७.४ ने लिहिलेली डेटा फाइल व्हॅल्की वाचू शकत नाही. म्हणून वळायचेच असेल, तर ७.२ वर असतानाच वळावे.